संगत नसलेली मुलं आणि पुढचं व्यसन

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. वडिलांची मुंबईतली नोकरी गेल्यामुळे आठवीत गावी, आजीकडे आलेला एक मुलगा मला अजून आठवतो. वर्गात त्याच्या बोलण्याची नक्कल होत असे, कबड्डीत त्याला कुणी आपल्या बाजूला घेत नसे आणि मधल्या सुट्टीत तो सुरूच्या झाडाखाली एकटाच डबा खात बसे. काही वर्षांनी तो बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला, आणि जेटीवरून घरी येताना त्याला रोज दारू लागते, असे त्याच्या आजीने मला पडवीत बसून सांगितले. ‘संगत वाईट लागली’ असे सारे गाव म्हणत होते. मला मात्र राहून राहून वाटत होते की, त्याआधीची दोन-तीन वर्षे त्याला संगतच नव्हती.

या विषयावरचे प्राण्यांवरील संशोधन मी तेव्हापासून वाचत आलो आहे. मुद्दाम एकटे पाडण्याचा किंवा अपमान करण्याचा प्रयोग कोणत्याही मुलावर करता येत नाही, करूही नये. म्हणून उंदरांच्या पिंजऱ्यांकडे वळावे लागते. प्रयोगशाळेतले पिल्लू एकविसाव्या दिवसाच्या सुमारास आईपासून वेगळे होते आणि पुढचे काही आठवडे हे त्याचे कुमारवय असते. या दिवसांत पिल्ले एकमेकांच्या मानेवर झडप घालतात, एकमेकांना उताणे पाडतात, पुन्हा उठून पाठलाग करतात. ही मस्ती त्यांच्या आयुष्यात याच वयात सर्वाधिक असते.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पिल्लांना 21 ते 42 या दिवसांत एकेकटे ठेवले होते. नंतर त्यांना पिंजऱ्याच्या ठरावीक कप्प्यात अ‍ॅम्फेटामिन हे व्यसन लावणारे उत्तेजक औषध किंवा मद्य दिले, तेव्हा सोबतीत वाढलेल्या उंदरांपेक्षा त्यांना त्या जागेची ओढ लवकर लागली. आणि औषध बंद करून तीच जागा पुन्हा पुन्हा दाखवली तरी अ‍ॅम्फेटामिनच्या जागेची ओढ त्यांच्यात सहजासहजी ओसरली नाही. मेंदूत जिथे डोपामिन, म्हणजे ओढ आणि बक्षीस यांच्याशी निगडित रसायन, तयार करणाऱ्या पेशी असतात, तिथल्या जोडण्या अशा शिकण्यासाठी जास्त तयार झालेल्या दिसल्या. व्यसन हेही एक प्रकारचे शिकणेच आहे, आणि एकाकी उंदीर ते अधिक वेगाने शिकला, असा मी याचा अर्थ लावतो. मला सर्वांत बोचलेली गोष्ट पुढेच होती: त्यांना नंतर पुन्हा इतरांच्या सोबतीत ठेवले, तरी पेशींमधला तो बदल टिकून राहिला. दहावीत मी त्या मुलाला आग्रहाने कबड्डीच्या संघात घ्यायला लावले होते.

ताण केवळ एकटेपणाचाच असतो असे नाही. साउथ डकोटा विद्यापीठात कुमारवयीन नरांना सलग पाच दिवस एका प्रौढ, आक्रमक नराच्या पिंजऱ्यात सोडून हार पत्करायला लावली. ते मोठे झाल्यावर त्यांनाही अ‍ॅम्फेटामिनची ओढ अधिक लागली, तर विचार आणि आवर यांच्याशी संबंधित अशा मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन कमी झालेले आढळले. आणखी एका प्रयोगात पिल्लांना रोज तासभर वेगळे ठेवून प्रत्येक वेळी नवा सोबती दिला. तिथे पुढे निकोटिनला वाढीव प्रतिसाद दिसला तो प्रामुख्याने माद्यांमध्ये. ताण कोणता, कोणत्या वयात, नराला की मादीला आणि पदार्थ कोणता, यानुसार निष्कर्ष बदलतात, आणि उंदराला ना वडिलांची गेलेली नोकरी असते ना बोटीवरचे देणे. त्यामुळे त्या मुलाच्या दारूचे कारण मला पिंजऱ्यात सापडले, असे मी म्हणणार नाही. परंतु ‘मनाचा निश्चय नाही’ एवढे बोलून आपण ज्याला मोडीत काढतो, त्याच्या मेंदूने तेराव्या वर्षी काय सोसले, हे विचारणे आता मला टाळता येत नाही.

2018 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेतून आलेला एक अभ्यास मी अनेकदा वाचला आहे. मेथॅम्फेटामिन या अ‍ॅम्फेटामिनच्याच जातीच्या औषधाची सवय लागलेल्या उंदरांपुढे दोन दांडे ठेवले: एक दाबला की औषध मिळे, दुसरा दाबला की दार उघडून दुसरा उंदीर भेटे. बहुतेक वेळा त्यांनी दार उघडणारा दांडा दाबला. सोबत्याची भेट लांबवली किंवा तिच्याबरोबर विजेचा झटका दिला, तेव्हा मात्र ते पुन्हा औषधाकडे वळले.

त्या दिवशी पडवीत आजी आणखी एक गोष्ट बोलली होती. गणपतीला चुलतभाऊ मुंबईहून येतात, रात्री भजनाला सगळे एकत्र बसतात, आणि तेवढे दिवस तो दारूला शिवत नाही. देवाचा धाक असेल, असे म्हणून मी ते तेव्हा सोडून दिले होते.