नाताळची हटके गाणी: परवान्याची अक्षरं आधी वाचा

नाताळात कोल्हापुरातल्या दुकानांत तीच चार गाणी वाजतात. इंटरनेट आर्काइव्ह, सीसीमिक्स्टर या संकेतस्थळांवर मात्र सिंथ, मेटल, चिपट्यून (जुन्या व्हिडिओ गेमसारखा आवाज) अशा ढंगांतली नाताळगाणी क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवान्याखाली मिळतात, म्हणजे काही अटी पाळून वापरायची परवानगी कलाकारानं आधीच दिलेली असते. त्या अटी परवान्याच्या नावातल्या अक्षरांत असतात. काही लई भारी, काही कान किटवणारी.

राजारामपुरीतल्या बेकरीला केकच्या जाहिरातीची रील करायची असेल तर ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, धंद्यासाठी नाही) चालत नाही, तो धंद्याचा वापर झाला. ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, रूपांतर नको) तर घरगुती व्हिडिओलाही नको: चित्राशी गाणं जुळवलं की या परवान्यात ते रूपांतर धरतात. ‘एसए’ (शेअर अलाइक) असेल तर व्हिडिओही त्याच परवान्यानं द्यावा लागतो. सुटसुटीत म्हणजे ‘सीसी बाय’, त्यात फक्त श्रेय द्यायची अट. वर्णनात गाण्याचं नाव, कलाकार, मूळ दुवा, परवान्याचा दुवा टाका; काटछाट केली असेल तर तेही लिहा. ‘क्रेडिट टू ओनर’ म्हणजे काहीच न लिहिणं.

खरी गोम चालीत असते. ‘जिंगल बेल्स’ १८५७ चं, कॉपीराइट संपलेलं, म्हणून मोकळं. अलीकडच्या गाण्याचं कव्हर (दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन-वाजवून केलेलं) कलाकारानं मोकळं सोडलं तरी चाल त्याची नसते, आणि तिथं कॉपीराइटचा दावा येतो. गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा मोकळ्या चालीवरही कधी चुकून दावा ठोकते. हरकत नोंदवायला परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा.