तीन काळे प्लग आणि एक कोरा

"ताई, इंजिनच बाद निघालंय. दुसरं बघा." मेस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा ते इंजिन माझ्या गाडीत बसून जेमतेम नऊ दिवस झाले होते.

गाडी 2007 ची स्विफ्ट, पेट्रोल. जुलैत ठाण्यात वंदना स्टँडजवळ साचलेल्या पाण्यातून काढताना इंजिनने पाणी ओढलं आणि एक कनेक्टिंग रॉड वाकला. 2022 मध्येच आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, बॉडीला कुठे गंज नाही, त्यामुळे भंगारात द्यायला मन धजेना. दुसरं, वापरलेलं इंजिन बसवायचं ठरवलं. 2010 मध्ये स्विफ्टला 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन आलं, म्हणून मला त्याआधीचं 1298 सीसीचंच शोधावं लागलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळालं. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवण्यासाठी आरटीओत अर्जही लगेच केला. हे काम कुणी टाळू नका, पुढे विम्याचा दावा त्यावरच अडकू शकतो.

पहिले दोन दिवस गाडी छान पळाली. तिसऱ्या दिवशी घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला रेस दिली आणि ती आचके द्यायला लागली. सपाटीवर आली की ठीक. आठवडा संपेपर्यंत पातलीपाड्याच्या सिग्नलला नुसती उभी असतानाही स्टिअरिंग थरथरायला लागलं. गाडी तीन सिलिंडरवर चालत होती.

गॅरेजमध्ये प्लग काढले. तीन प्लग काजळीने काळे, तिसऱ्या नंबरचा मात्र कोरा, जवळजवळ नव्यासारखा. सगळ्यांचं लक्ष काळ्यांकडे गेलं. कार्बन झालाय, इंजेक्टर (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारे) साफ करू, प्लग बदलू. दोन्ही केलं, पैसे दिले, मिसिंग (एक सिलिंडर न पेटणं) तसंच. मग थेट इंजिनच बाद ठरलं.

मला ते पटेना. इंजिन घेताना माझ्यासमोर कॉम्प्रेशन तपासलं होतं. शनिवारी गाडी कोलशेतला, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लावली आणि बाबांना खाली बोलावलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळलाय.

आधी कुठला सिलिंडर मारत नाही, म्हणजे पेट घेत नाही, ते पक्कं केलं. गाडी आयडलवर ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. बरेच जण यासाठी प्लग टॉप, म्हणजे प्लगवरची टोपी, उपटतात, ते करू नये. स्पार्क भलतीकडे वाट शोधतो, ठिणगी पुरवणारी कॉइल जाऊ शकते, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरपर्यंत पोचून तो खराब करतं. एक, दोन आणि चारचा कनेक्टर काढला की इंजिन लगेच बसायचं. तीनचा काढल्यावर फारसा फरकच पडला नाही.

कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं. चारही सिलिंडर 13 किलोच्या आसपास. म्हणजे व्हॉल्व्ह, रिंगा, गॅस्केट, सगळं जागेवर. या इंजिनात कॉइल दोनच असतात: एक 1 आणि 4 ला, दुसरी 2 आणि 3 ला. दोन नंबर व्यवस्थित मारतोय म्हणजे कॉइलवर संशय घ्यायला जागा नाही. स्पार्कही पाहिला, निळा आणि दमदार. हवा आहे, दाब आहे, ठिणगी आहे. उरलं फक्त पेट्रोल.

आणि तेच तो कोरा प्लग पहिल्या दिवसापासून सांगत होता. स्पार्क नसता तर प्लग पेट्रोलने ओला आला असता. हा कोरडा होता, कारण तिथे पेट्रोल पोचतच नव्हतं. तिसरा सिलिंडर नुसती हवा ओढून बाहेर टाकत होता. ती हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत गेली की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो सगळ्यांचंच पेट्रोल वाढवतो. धडधाकट तीन सिलिंडर त्यामुळे काळे झाले होते. इतके दिवस उपचार झाले ते त्यांच्यावर.

मीटरवर चारही इंजेक्टर साडेबारा ओहमच्या आसपास, म्हणजे ठीक. तरी रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) सोडवून दोन आणि तीनचे इंजेक्टर आपसांत बदलले, ओ-रिंग नव्या घातल्या. मिसिंग तीनवरच राहिलं. म्हणजे दोष वायरचा. पण इंजिन बंद ठेवून ईसीयूपर्यंतची वायर तपासली तर मीटर बीप देत होता, म्हणजे वायर अखंड!

बाबांनी एका एलईडीला रेझिस्टन्स जोडून छोटा टेस्ट लॅम्प बनवला आणि तीनच्या कनेक्टरमध्ये खोचला. दुसऱ्या कनेक्टरांवर तो एका लयीत लुकलुकायचा, इथे मध्येच विझायचा. "रेस दे," बाबा म्हणाले. रेस दिली, इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकलं आणि एलईडी पार गेला. मग हार्नेस, म्हणजे वायरींचा टेप गुंडाळलेला जुडगा, हाताने चाचपत गेलो. इंजिन उचलण्याचा जो हूक हेडला बोल्टने बसवलेला असतो, त्याच्या खाली हार्नेस दाबून बोल्ट आवळला होता. टेप सोडली. वायरचं वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. टोकं एकमेकांना टेकली की करंट जायचा, इंजिन हललं की नाही. वरचं प्लॅस्टिक फाटून ती वायर हेडला टेकली असती तर इंजेक्टर सतत उघडा राहून तोच सिलिंडर पेट्रोलने भरला असता.

तुटका भाग कापून नवा तुकडा सोल्डर केला, वर हीट श्रिंक (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) चढवली. नुसती पिळून टेप मारलेली वायर इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही. हार्नेस हुकाच्या वरून थोडा सैल फिरवला. रात्री साडेअकराला बाबांना शेजारी बसवून गायमुख चढले. दुसऱ्या गिअरमध्ये, मुद्दाम पूर्ण रेस देऊन. एकही आचका नाही.

सोमवारी मेस्त्रींना फोन केला. त्यांनी कुठला हूक ते विचारलं आणि गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा बॉनेट लगेच उघडायला लावला, ते मला फोनवर ऐकू आलं.

तीनशे किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढून पाहिले. चारही भाजलेल्या रव्याच्या रंगाचे.