किट एक किलोच्या आत, पण पिशव्या पाचच

गुरुवार, रात्र

चाकूवर लोक इतकं बोलतात की वाटावं शिकारीनंतरचं सगळं काम एकटा चाकूच करतो. स्टील कुठलं, पातं किती इंचाचं, मूठ लाकडाची की रबराची, आणि मग सगळं झाल्यावर जाता जाता, हो दोन-चार गेम बॅगा, म्हणजे मांस भरायच्या कापडी पिशव्या, पण टाका. मला हे बरोबर उलटं वाटतं. आज टेबलावर किचनचा वजनकाटा ठेवून किटमधली, म्हणजे जनावर सोलून मांस आणायच्या सामानातली, एकेक वस्तू मोजत होते तर दोन्ही चाकू आणि जादाची पाती मिळून पावणेदोनशे ग्रॅम, आणि पिशव्या एकट्याच चारशेच्या वर. त्यामुळे वजन कमी करायचं म्हटलं की हात आपसूक पिशव्यांकडे जातो. नेमका तिथेच जायला नको.

परवा पहाटे निघायचंय. फ्लॅट टॉप्स, कोलोरॅडोच्या वायव्येला, आमच्या फोर्ट कॉलिन्सहून गाडीने पाचेक तास. या वर्षी ड्रॉमध्ये मादी एल्कचं (एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण) लायसन्स लागलंय, ऑक्टोबरचा पहिला रायफल सीझन. सोबत शेजारचे काका, म्हणजे इथलेच अमेरिकन, सत्तरीचे, पण पोरगा त्यांना काका म्हणतो म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. नवरा येत नाही. तो घरी बसून फ्रीजरमध्ये जागा करणार, कामात त्याचा वाटा तेवढाच आणि खाण्यात सगळ्यात मोठा.

आईला अजून हे पटत नाही. मघाशी फोनवर म्हणाली, अगं तुला पोलीस धरतील. तिचंही बरोबर आहे, आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने हे सगळं बंद, आणि बंद आहे तेच बरं. इथे मात्र सरकारच किती जनावरं मारायची ते ठरवून लायसन्स देतं, पैसे घेतं, आणि त्यातून जंगलाचा कारभार चालतो. हे सगळं तिला समजावून सांगितलं तर ती म्हणते, बरं बरं, मग रस्सा करणार की सुकं? कोल्हापूरची बाई, शेवटी मुद्द्यावर येतेच. (सुकंच. एल्कच्या मांसात चरबी फारच कमी, रश्श्याला तवंगच येत नाही.)

तर किट. कुठलीही वस्तू पिशवीत टाकायच्या आधी मी हिशोब मांडते. एल्क सांबराच्या गोतातलं पण थोराड, पूर्ण वाढलेली मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास, नर तीनशेच्या वर. मादीचं हाडं काढून साठ-सत्तर किलो मांस निघतं आणि ते गाडीपर्यंत न्यायचं ते पाठीवरून. कारण फ्लॅट टॉप्स हा १९७५पासून वाइल्डरनेस एरिया आहे, तिथे मोटार तर सोडाच, सायकल नाही, साधी हातगाडी नाही, चाक असलेलं काहीच चालत नाही. घोडा चालतो, पण घोडा आपल्याकडे नाही. तिथल्या ट्रॅपर्स लेकला १९१९ साली आर्थर कारहार्ट नावाच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या माणसाला पाठवलं होतं, तळ्याकाठी बंगल्यांचे प्लॉट आखायला, आणि त्याने परत येऊन सांगितलं की इथे काहीही बांधू नका. त्या तळ्याभोवती जाऊन उभं राहिलं की त्याला नमस्कार करावासा वाटतो, आणि पाठीवर तीस किलो घेऊन चढ चढताना दोन शिव्या पण.

साठ-सत्तर किलो, दोन माणसं, त्यातलं एक सत्तरीचं, उंची तीन हजार मीटर. दोघांनी दोन-दोन फेऱ्या. म्हणजे पाच किलोमीटर आत जनावर पाडलं तर पाच बाहेर, पाच परत आत, पुन्हा पाच बाहेर, झाले पंधरा, आणि त्यातले दहा ओझ्यासकट. त्यात किट अर्ध्या किलोने हलकं केलं काय आणि नाही केलं काय, काय फरक पडतो? फरक पडतो तो कुठपर्यंत जायचं ह्याने. म्हणून किट लावायच्या आधी फोनवर नकाशा उघडला आणि गाडी लावायच्या जागेपासून तीन किलोमीटरवर रेघ मारली. त्या रेघेपलीकडे कितीही छान कळप दिसला तरी दुर्बिणीतून बघायचा, फोटो काढायचा आणि पुढे. हे इथे टेबलाशीच ठरवायला लागतं, कारण एकदा का जनावर स्कोपमध्ये आलं की कोण कुणाचं ऐकतंय. आणि पाडलं की मग सुटका नाही, चारही पाय, पाठीच्या पट्ट्या, टेंडरलॉइन म्हणजे कण्याच्या आतल्या बाजूचं मऊ मांस, असं खाण्यासारखं मांस जंगलात टाकून येणं इथे गुन्हा आहे. गुन्हा नसता तरी टाकलं नसतं म्हणा.

आता पिशव्या. पाच. चार पायांच्या चार, आणि पाचवीत पाठीच्या पट्ट्या, टेंडरलॉइन, मानेचं आणि बरगड्यांमधलं. काही लोक तीनच नेतात आणि कोंबतात, आणि कोंबलं की मध्ये हवा लागत नाही. सगळा खेळ गारव्याचा आहे. जनावर पडतं तेव्हा आतून ऊन-ऊन असतं, वरून थंडीसाठी बनवलेलं कातडं, आणि ऑक्टोबरात रात्री पाणी गोठत असलं तरी दुपारी उन्हात जॅकेट काढावं लागतं. सगळ्यात आधी खराब होतं ते मागच्या मांडीचं, खुब्याच्या हाडाजवळचं, कारण तिथे मांस सगळ्यात जाड आणि उष्णता आत अडकून बसते. तेव्हा कातडं लवकर काढा, पाय सुटे करा, सावलीत टांगा, वारा लागू द्या. वरून कोरडी पापडी धरली की निम्मी काळजी मिटली. लहानपणी आमच्या गल्लीतला खाटीक फ्रीज नसताना दुपारपर्यंत बोकड टांगून ठेवायचा, अंगावर फक्त पातळ कापड, तेच तत्त्व. गेम बॅगचं कापड हवा आत-बाहेर जाऊ देतं आणि माशीला अंडी घालायला देत नाही, माती आणि पाइनच्या सुया पण बाहेर राहतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस घातलं की संपलं, आतल्या आत घाम धरतं. किटमध्ये कचऱ्याची एक जाड पिशवी आहे पण ती सॅकला आतून अस्तर म्हणून, रक्त गळून स्लीपिंग बॅगपर्यंत जाऊ नये एवढ्यासाठीच, आणि तीही चालताना फक्त. सुती बॅगा स्वस्त मिळतात, पण जड असतात आणि ओल्या झाल्या की वाळतच नाहीत, म्हणून सिंथेटिक.

चाकूंचं काय ते थोडक्यात. एक पातं बदलायचा, हॅवेलॉन, सर्जनच्या सुरीसारखं पातं, कातडं सोलायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही, धार लावत बसायला नको. पण सांध्यात घालून जरा पिळलं की कट्दिशी मोडतं आणि मोडलेला तुकडा मांसात कुठे गेला ते अंधारात शोधत बसा. म्हणून सांध्यांसाठी एक छोटा, साध्या पात्याचा. माणसं हात कापून घेतात ती सोलताना कमी आणि पातं बदलताना जास्त. बोटांना चरबी लागलेली, गारठ्याने ती निम्मी बधिर, हेडलॅम्पच्या उजेडात आपल्याच हाताची सावली. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी मारायला परवानगी असते, त्यामुळे काम बरेचदा काळोखातच. म्हणून एक लहान चिमटा, डॉक्टरकडे असतो तसला लॉक होणारा, पातं त्याने धरून काढायचं आणि वापरलेली पाती औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या, नायट्राइल हातमोज्यांचे जोड, आणि दाबून बांधायची पट्टी. ही पट्टी वजनासाठी काढणारे लोक मी पाहिलेत, असो.

करवत काढून टाकली. काकांनी भुवया वर केल्या, त्यांच्या तरुणपणी जनावर उभं फाडायचे, पोट उघडून, कोथळा काढून, कण्यातून करवत. आता बरेच जण पोट न उघडताच काम करतात. जनावर कुशीवर, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून एक चीर, कातडं पोटाच्या दिशेने खाली सोलत न्यायचं. पुढचा फरा उचलून धरायचा आणि खालून नुसतं पातं फिरवत जायचं, तो आपोआप हातात येतो, कारण तिथे हाडाला हाड जोडलेलंच नसतं, सगळा फरा स्नायूंवर लटकलेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटते. मागची तंगडी तशी नाही, तिला खुब्याचा सांधा शोधावा लागतो, पाय हलवत राहायचं आणि पातं जिथे बसतं तिथे आतला बंध, लिगामेंट, कापायचा, पॉक असा आवाज येतो. मग कण्याच्या कडेने पाठीची लांब पट्टी, मान, बरगड्या, जनावर पालथं करून दुसरी बाजू, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून टेंडरलॉइन. करवत लागतेच कुठे?

आणि लागली तरी मी कण्यातून घालणार नाही. सीडब्ल्यूडी. हरणांचा मेंदू पोखरणारा रोग, १९६७ साली पहिल्यांदा दिसला तो इथेच, आमच्या फोर्ट कॉलिन्समधल्या बंदिस्त हरणांत. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेलं प्रथिन, त्यामुळे शिजवून मरत नाही. माणसाला झाल्याची एकही केस सिद्ध झालेली नाही, तरी पॉझिटिव्ह आलेलं जनावर खाऊ नका असंच सांगतात, आणि मी पोराच्या ताटात वाढणार आहे ते. ते प्रथिन सगळ्यात जास्त मेंदू, कण्यातला मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि लसिकाग्रंथींत, म्हणून ते सगळं जिथल्या तिथे सोडायचं, कणा चिरायचा नाही. डोकं मात्र तपासणीला न्यायचं, जबड्यामागच्या ग्रंथी काढून घेतात. ते सगळ्यात शेवटी, पहिल्या मणक्याच्या सांध्यातून, नवीन पात्याने, आणि ते पातं थेट डबीत. रिपोर्ट येईपर्यंत फ्रीजरमधल्या पाकिटांना हात नाही. नवऱ्याला हे वेगळं सांगावं लागतं.

बाकी किरकोळ. टायवेकचा तुकडा, घर बांधताना भिंतीला गुंडाळतात ते, काकांच्या गॅरेजमधून कापून आणलेला, मांस मातीवर ठेवायला लागू नये म्हणून. वजनाला काही नाही आणि पाण्याने पुसला की साफ. पंधरा मीटर दोरी, पिशव्या टांगायला, आणि एकट्याने काम करायची वेळ आली तर पाय झाडाला ओढून बांधायला. त्याला पर्याय शोधू नये. नारिंगी रिबन, एक तर रात्री परत येताना जागा सापडायला, आणि दुसरं म्हणजे पाठीवर तंगडी घेऊन झाडीतून चाललेलं माणूस लांबून कुणाला काय दिसेल सांगता येत नाही. अंगावर पाचशे चौरस इंच नारिंगी घालायचा नियम आहेच, गुलाबी पण चालतं, पण ओझ्याला पण काहीतरी रंग हवा. आणि टेप, टॅग (लायसन्सबरोबरची चिठ्ठी) जनावराला बांधायला. टॅग फाडून सही करून तारीख घालायची ती आधी, चाकू नंतर. मादी असल्याची खूण मागच्या एका तंगडीला तशीच चिकटलेली राहू द्यायची, वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी, विचारतो.

काकांनी अस्वलाचं आठवण करून दिली. ग्रिझली इथून गेले, शेवटचा १९७९ साली मारला गेला, पण काळी अस्वलं भरपूर, आणि हे दिवस त्यांचे खाऊन-खाऊन चरबी साठवायचे. त्यामुळे पहिली फेरी निघायच्या आधी उरलेल्या पिशव्या सांगाड्यापासून शंभरेक मीटर लांब न्यायच्या, सावलीत, पण अशा ठिकाणी की परत येताना लांबून दुर्बिणीत दिसतील. वाऱ्याची दिशा न बघता तरातरा मांसापर्यंत चालत जायचं नाही.

सगळं मिळून नऊशे चाळीस ग्रॅम, हेडलॅम्प सोडून. काका म्हणाले दुसरा चाकू काढ, मी म्हटलं तुमचा थर्मास काढा, विषय संपला. आता मांस गार ठेवायच्या पेटीसाठी, कूलरसाठी, दुधाचे कॅन पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवलेत, म्हणजे नवऱ्याने केलेली जागा आत्ताच गेली, आणि टेप नवीन आणायचीय, जुनीचा गम थंडीत चिकटत नाही.