गुहेतलं शरीर

अकराव्या वर्षी माझ्या डाव्या गालावर आणि उजव्या अंगठ्यावर कोड उठलं. आई बावचीचं तेल आणायची. सकाळी कापसाच्या बोळ्यानं ते डागांवर लावायचं आणि गच्चीवर उन्हात बसायचं. बावचीचा गुण उन्हाशिवाय येत नाही, पण ऊन जास्त झालं की फोड उठतात. म्हणून आई घड्याळ हातात घेऊन शेजारी बसायची, आणि मी मनात देवाकडे दुसरं शरीर मागत असायची.

त्यामुळेच असेल, शरीर बदलण्याच्या विज्ञानकथा मी अधाशासारख्या वाचते. जेम्स टिपट्री ज्युनियर यांची १९७३ सालची ‘द गर्ल हू वॉज प्लग्ड इन’ मनातून जातच नाही. (टिपट्री हेही पांघरलेलंच नाव. लिहिणारी होती अ‍ॅलिस शेल्डन.) त्यातली बर्क कुरूप आहे. तिला जमिनीखाली एका कपाटात तारा जोडून बसवतात, आणि तिथून ती डेल्फी नावाचं देखणं शरीर चालवते. जग डेल्फीवर भाळतं. एक तरुण तिच्या प्रेमात पडतो, तिला सोडवायला थेट त्या कपाटापर्यंत येतो, आणि समोरची बर्क बघून शिसारीनं तिच्या तारा उपटतो. ती तिथंच मरते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या तरुणावर चिडले होते. आता वाटतं, बर्कनं स्वतःच ते शरीर कधीच टाकून दिलं होतं. डेल्फी होण्याच्या नादात तिला त्याच्या खाण्यापिण्याचीही शुद्ध नव्हती.

आपल्याकडे शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची आख्यायिका आहे. ते अमरू राजाच्या देहात शिरतात आणि त्यांचा स्वतःचा देह गुहेत ठेवून शिष्य त्याची राखण करतात. सगळ्या गोष्टीत मला ती राखण मोलाची वाटते.

बाविसाव्या वर्षी मला बघायला पाहुणे येणार होते. विश्रामबागच्या एका पार्लरमध्ये गालावर फाउंडेशनचे थर चढले. आरशात मी हरखून गेले. बाई, किती छान दिसत होते मी! मे महिन्यातली सांगली, त्यात लाइट गेलेली. पोह्यांच्या बश्या उचलेपर्यंत घामानं सगळं ओघळलं. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, “तुम्ही फसवलंत.”

पण मला आठवते ती त्याच दिवसाची रात्र. खोबरेल तेलाचं बोट फिरवून आई माझा गाल पुसत होती. थर निघत गेला तसा पांढरा डाग वर आला. तो पुरता दिसला तेव्हा ती म्हणाली, “आली बाई माझी पोरगी.”

उद्या खरंच तसं यंत्र निघालं तर? त्या वयात मी धावत गेले असते. आज आधी विचारेन, मी तिकडे असताना इकडे माझ्या शरीराशेजारी कोण बसणार? आई तर आता नाही.