नॅशव्हिल, एक टॉवेल आणि जुलाबाचं औषध

"आई, तू नॅशव्हिलला जाहिराती बघायला चाललीयेस?" लेकाने गाडीत पेट्रोल भरता भरता विचारलं, आणि त्याचं फार काही चुकलं नव्हतं. नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांची पंढरी, पण माझं लक्ष भलतीकडेच. पंचवीस वर्षं पुण्यात रेडिओसाठी जिंगल लिहिल्या, मसाल्यापासून मलमापर्यंत काय काय विकलं, त्यामुळे कुठलाही कार्यक्रम लागला की माझा कान आधी "हे चाललंय कोणाच्या पैशावर" तिकडे जातो. मध्ये एका रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर भटकत होते तर डॉली पार्टन या कंट्री गायिकेचा तरुणपणीचा एक व्हिडिओ समोर आला. डोक्यावर केसांचा हा एवढा डोंगर, शेजारी एक उंच किडकिडीत माणूस चमचमत्या सूटमध्ये, आणि दोघं गाणं म्हणत नाहीयेत तर कपडे धुवायच्या पावडरचा खोका घेऊन त्यात टॉवेल कसा फुकट मिळतो ते सांगतायत. मी उठूनच बसले.

पावडरचं नाव ब्रीझ, कंपनी लिव्हर ब्रदर्स, म्हणजे आपल्याकडे सर्फ विकणाऱ्यांचंच घराणं. टॉवेल खोक्याच्या आतच. मोठ्या खोक्यात मोठा, लहानात लहान. आणि डॉली इतक्या मनापासून सांगते की हा टॉवेल दुसरीकडे विकत मिळतच नाही, ब्रीझच्या खोक्यातच मिळतो, की मला वाटलं आपण आयुष्यभर काय लिहिलं, झक मारली.

तो किडकिडीत माणूस म्हणजे कंट्री गायक पोर्टर वॅगनर. मिसुरीतल्या वेस्ट प्लेन्सचा. त्याचा अर्ध्या तासाचा टीव्ही शो १९६० ला सुरू झाला आणि १९८१ पर्यंत चालला, सहाशेच्या वर भाग, आणि भरात होता तेव्हा शंभरेक शहरांमधून दिसायचा. कुठल्या मोठ्या नेटवर्कवर नाही हं, तर टेपा एकेका स्टेशनला पाठवायच्या आणि त्यांनी त्या आपल्या सोयीने, बहुतेक ठिकाणी शनिवारी संध्याकाळी, लावायच्या. नेटवर्कवाल्यांना गावाकडचं गाणं नको होतं. पण शेतकऱ्याच्या बायकोला पावडर आणि पीठ विकणाऱ्यांना तेच हवं होतं. एवढं सोपं गणित.

तर अटलांटाहून निघालो. नॅशव्हिल अडीचशे मैल, चार तास, पण मी वाटेत चॅटनूगाला थांबायचा हट्ट केला. लेकाला वाटलं लुकआउट माउंटनवरची रॉक सिटी नावाची खडकांची बाग बघायचीय. (त्याचीही गंमत आहे, रॉक सिटीवाल्यांनी शेतकऱ्यांची गोठ्याची-कोठाराची छपरं फुकट रंगवून दिली आणि बदल्यात वर "रॉक सिटी बघा" लिहून घेतलं, अशी नऊशेच्या आसपास कोठारं होती. आपल्याकडे एसटीच्या रस्त्याला घरांच्या भिंतींवर सिमेंटच्या आणि तंबाखूच्या जाहिराती असतात ना, तोच मामला, फक्त इथे छप्पर.) पण मला बघायचं होतं ते गाव जिथून पोर्टरच्या शोला पैसा आला. चॅटनूगा मेडिसिन कंपनी, स्थापना १८७९, मुख्य माल दोन. एक वाइन ऑफ कार्डुई, बायकांच्या तक्रारींवरचं टॉनिक, ज्यात औषधापेक्षा दारूच जास्त जाणवत असणार, आणि तेही दारूबंदीवाल्या भागात घराघरात, त्यामुळे बायका खुश. आणि दुसरं ब्लॅक ड्राफ्ट, म्हणजे जुलाबाचं औषध.

ब्लॅक ड्राफ्टमध्ये मुख्य वनस्पती कुठली तर सेना. सेना म्हणजे आपली सोनामुखी! आमच्या आजीच्या फडताळात सोनामुखीच्या पाल्याची पुरचुंडी कायम असायची आणि दिवाळीचा फराळ संपला की आम्हा पोरांना रांगेत उभं करून काढा पाजायची. ते मी लेकाला सांगितलं तर म्हणाला "ईऽऽ". पण विचार करा, डॉली पार्टनची पहिली मोठी नोकरी सोनामुखीच्या पैशावर. ही कंपनी फुकट पंचांगही वाटायची, बायकांच्या वाढदिवसांचं, चंद्राच्या कला वगैरे दिलेलं, आणि पानोपानी औषधांच्या जाहिराती. कालनिर्णय उलटं करून मागच्या पानावर अगरबत्ती आणि लोणचं वाचणाऱ्या मला हे लगेच कळलं. खिळ्याला टांगलेला कागद वर्षभर कोणी फेकत नाही.

चॅटनूगात बाकी काही बघायला मिळालं नाही, पाऊस लागला, एक बरी कॉफी प्यायलो आणि निघालो. पुढे माँटीगलचा घाट लागतो, ट्रक इतके हळू चढतात की खंबाटकीची आठवण यावी, आणि वाटेत कुठेतरी घड्याळ एक तास मागे जातं. हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. रायमनच्या टूरला उशीर होतोय म्हणून घाटातून भांडत गेलो आणि पोचलो तर एक तास आधी. मग दारातल्या बाकावर बसून घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली, लेक सारखा इकडेतिकडे बघत होता कोणी बघतंय का म्हणून.

रायमन ऑडिटोरियम म्हणजे मुळात प्रार्थनामंदिर, १८९२ चं, लाल विटांचं, उंच टोकदार खिडक्यांचं. बसायला खुर्च्या नाहीत, चर्चमधली लाकडी बाकं. १९४३ ते १९७४ ग्रँड ओल ऑप्री, म्हणजे रेडिओवर लाइव्ह जाणारी कंट्री गाण्यांची मैफल, इथे भरायची. एसी नव्हता, टेनेसीच्या उन्हाळ्यात माणसं हातपंख्याने वारा घेत चार चार तास बसायची. मी एका बाकावर पाच मिनिटं बसले आणि पाठीने सांगितलं की हे लोक खरे रसिक होते.

ऑप्रीचाही जन्म विक्रीतूनच. १९२५ साली नॅशव्हिलच्या नॅशनल लाइफ या विमा कंपनीने रेडिओ स्टेशन काढलं, नाव डब्ल्यूएसएम, आणि ती अक्षरं कंपनीच्या घोषवाक्याची, अर्थ "आम्ही लाखोंना संरक्षण देतो". म्हणजे स्टेशनचं नावच जाहिरात, दर वेळी निवेदक नाव घेणार आणि विमा विकला जाणार. विमा एजंट दारोदार जायचे, आठवड्याचा हप्ता गोळा करायचे, आणि ऑप्री ऐकता का म्हणून विषय काढला की दार उघडायचं. मला तर आमच्या गल्लीतले एलआयसीवाले काका आठवले, ते क्रिकेटचा स्कोअर विचारत आत यायचे.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती मार्था व्हाइट पिठाची गोष्ट. नॅशव्हिलचंच पीठ, गिरणीमालकाने १८९९ मध्ये लेकीचं नाव दिलेलं. कोहेन विल्यम्स नावाच्या माणसाने १९४१ मध्ये धंदा घेतला आणि १९५३ पासून लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जोडीला पहाटे पावणेसहाच्या रेडिओ कार्यक्रमाला बसवलं, बायका बिस्किटांचं पीठ मळत असतील त्याच वेळेला. (इथलं बिस्किट म्हणजे पार्ले नव्हे, मऊ पावासारखं असतं, गरमागरम लोण्याबरोबर.) १९५५ पासून टीव्ही. तेव्हा टेपची सोय नव्हती म्हणून रोज वेगळ्या शहरात जाऊन लाइव्ह शो करायचा, आठवड्याला अडीच हजार मैल, रात्रभर बसमधून प्रवास आणि संध्याकाळी कोट-टाय घालून हसत हसत पीठ विकायचं. आपले तमाशाचे फड जत्रांच्या मागे फिरतात तसं, पण यांच्या मागे पिठाची पोती. स्क्रग्ज तीन बोटांनी बॅन्जो वाजवायचा, इतका सुरेख आणि इतका वेगात की बोटं दिसत नाहीत, आणि त्याच बोटांनी पिठाची जिंगल. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला, तर न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी ओरडून फर्माइश केली कशाची? पिठाच्या जिंगलची. तिथे ते पीठ मिळतही नव्हतं! आणि त्यांनी वाजवली. माझ्या एकाही जिंगलला वन्स मोअर मिळालेला नाही, हे आपलं सहज सांगते.

रात्री ऑप्रीला गेलो. आता ती शहराबाहेरच्या मोठ्या थिएटरात असते, १९७४ पासून, आणि रायमनच्या स्टेजचा सहा फुटी लाकडी गोल कापून नव्या स्टेजच्या मध्यभागी बसवलाय, गायक त्यावरच उभा राहतो. २०१० च्या पुरात स्टेज पाण्याखाली गेलं तरी तो गोल वाचला. सगळे त्या गोलाकडे बघत होते, मी बाजूला. स्टेजच्या एका कडेला छोट्या डेस्कमागे निवेदक उभा असतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये तो कागद हातात घेऊन चक्क जाहिरात वाचतो, लाइव्ह, रेडिओवर चाललेलं असतं ना. आणि लोक उठून जात नाहीत, टाळ्या वाजवतात. जाहिरातीला टाळ्या! लेकाने माझ्याकडे बघितलं, मी रुमाल शोधत होते.

शेजारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा होते, अलाबामाचे, पिठाच्या पोत्यासारखे ऐसपैस. मध्यंतरात मी पोर्टरचं नाव काढलं तर ते खुललेच. घरी एकच टीव्ही, शनिवारी शेजारचे पण यायचे म्हणाले. पोर्टरबरोबर आधी नॉर्मा जीन ही गायिका असायची, ती गेली आणि १९६७ मध्ये डॉली आली तर लोक चिडले, नॉर्मा जीनला आणा म्हणून ओरडायचे. "मी पण," असं कबूल केलं त्यांनी. वर्षाला साठ हजार डॉलर देऊन पोर्टरने तिला आणलं होतं आणि १९७४ मध्ये ती निघाली तेव्हा त्याला सांगायला म्हणून जे गाणं तिने लिहिलं ते पुढे व्हिटनी ह्यूस्टनने गाऊन जगभर नेलं. कोर्टकचेरीही झाली, पोर्टरने लाखो डॉलरचा दावा लावला, नंतर दिलजमाई. पण आजोबांना त्यात काही रस नव्हता. त्यांना विनोदी स्पेक र्‍होड्स आठवत होता, चौकडीचा सूट, पुढचे दात काळे केलेले, फोनवर सॅडी नावाच्या न दिसणाऱ्या मैत्रिणीशी बोलणारा. आमचा सोंगाड्याच की. आणि शेवटी एक भक्तिगीत हमखास. पोर्टर मध्येच कोट उघडून दाखवायचा, आतल्या अस्तरावर मोठ्या अक्षरात "हाय" लिहिलेलं असायचं, हे सांगताना आजोबांनी स्वतःचा कोट उघडून दाखवला. आत काही नव्हतं, फक्त चष्म्याची केस.

"आणि ब्लॅक ड्राफ्ट?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा असा झाला की उत्तराची गरजच नव्हती. आई शनिवारी पोर्टर बघायची आणि रविवारी आम्हाला चमचा भरून पाजायची म्हणाले. आणि टॉवेल? टॉवेल होते, भरपूर होते, पातळ होते, आईने लेकीच्या लग्नात सहाचा संच दिला, पावडरचे सहा खोके झाले तेव्हा.

दुसऱ्या दिवशी कंट्री संगीताच्या संग्रहालयात एल्व्हिसची सोनेरी कॅडिलॅक बघितली, गायक वेब पिअर्सची चांदीच्या नाण्यांनी मढवलेली पाँटिऍक बघितली, फोटो काढले, पाय दुखले. गू गू क्लस्टर नावाचं शेंगदाणे आणि चॉकलेटचं चिकट गोळाछाप प्रकरण खाल्लं, १९१२ पासूनचं आहे, ऑप्रीचे हेही जुने प्रायोजक. लोणावळ्याची चिक्की जिंकली असं माझं मत.

येताना एका किराणा दुकानातून मार्था व्हाइटची पिशवी घेतली. अटलांटाला आल्यावर मी उत्साहाने त्याच पिठाच्या पुऱ्या करायला घेतल्या, पिशवीवर सेल्फ रायझिंग लिहिलेलं वाचूनही डोक्यात शिरलं नाही की यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच आहे. वर मी माझं मीठ घातलं. पुऱ्या तेलात गेल्या आणि फुगल्याच फुगल्या, भटुऱ्यासारख्या गुबगुबीत, आणि खारट इतक्या की श्रीखंडाबरोबरही जाईनात. लेकाने तीन खाल्ल्या, पाण्याचे दोन ग्लास प्यायला, आणि फोनवर ती कार्नेगी हॉलची जिंगल लावली.