मेंढीच कशाला, डॉक्टर?

एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करताना माझं काम मेंढीच्या जबड्यात इम्प्लांट बसवण्याचं होतं. हे कळलं की नाशिकच्या माझ्या दवाखान्यात हमखास प्रश्न येतो: "दातांचंच संशोधन ना? मग उंदीर नव्हते का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

उंदीर होते की! पण पांढऱ्या उंदराचा खालचा जबडा अगदी इवलासा, आणि दाढेच्या जागी लावायचा इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू, असतो साधारण ४ मिलिमीटर जाड, १० लांब. बसवणार कुठे? त्यातून उंदराला दुधाचे दात नाहीत, सुळे नाहीत आणि पुढचे दात जन्मभर वाढतच राहतात.

कुत्र्याला माणसासारखा पायरिया आपसूक होतो, म्हणून हिरड्यांच्या अभ्यासात बीगल कुत्री पूर्वीपासून आहेत. पण कुत्र्याचे दात सहसा किडत नाहीत, त्यामुळे किडीसाठी ती कामाची नाहीत. दाढांची ठेवण बघायची तर डुक्कर आपल्या बरंच जवळचं, फक्त दात ४४. इम्प्लांटचे स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्याआधी ससे आणि कुत्री यांच्यावर प्रयोग झाले होते.

मेंढीचे दात आपल्याइतकेच, ३२. मी त्यावरच भाळलो होतो. सिन्नरकडचे एक धनगरबाबा कवळीसाठी आले होते, त्यांना हे सांगितलं तर हसले. "वरचं फुडचं दात मोजलं का? तिथं नुसती हिरडीच की!" खरंय. खाली पुढे आठ, वर एकही नाही; बाकीच्या सगळ्या दाढा. आणि ती दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, जबडा आडवा फिरवत. आमच्या पहिल्याच मेंढीचे टाके तिसऱ्या दिवशी उसवले होते. मऊ चारा दिला होता, पण रवंथ कोण थांबवणार?

प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीलाही वेळ लागतो. मोठ्या जनावरासाठी संस्थेच्या समितीवर भागत नाही, प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. कटकट वाटली तेव्हा. आज वाटतं, असायलाच हवी.

बाबांनी जाताना विचारलं, "मंग त्या मेंढ्यांचं काय केलं?"

हाडानं इम्प्लांट कितपत धरलाय हे जबड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच नीट कळतं. तेवढं सांगितलं त्यांना. एकूण सहा होत्या. बाबा काही बोलले नाहीत, पुढच्या शुक्रवारची वेळ घेऊन गेले.