खाऱ्या वाऱ्याला टिकेल असा फोन

मोबाइलच्या दुकानात रॅम किती हवी, कॅमेरा केवढा हवा, बजेट किती, हे सगळे विचारतात. गिऱ्हाईक राहते कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक पहिला प्रश्न तोच असायला हवा. जो फोन पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चार वर्षे सुखाने नांदतो, तोच आमच्याकडे कोकणात हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात दुसऱ्या पावसाळ्यात कुरकुरू लागतो आणि चार्जरची पिन कधी या अंगाने तर कधी त्या अंगाने दाबून धरायची सवय घरातल्या सगळ्यांना लावतो. खारा वारा, जून ते सप्टेंबर कपड्यांनाही न सोडणारा ओलावा, चिऱ्याच्या जाड भिंती, डोंगराआड गेलेला टॉवर आणि न सांगता जाणारी वीज यांचा उल्लेख खोक्यावर छापलेल्या तपशिलात कुठेही नसतो.

आमचा हापूसचा धंदा अलीकडे बराचसा फोनवरच चालतो. मुंबई-ठाण्याची गिऱ्हाइके व्हॉट्सॲपवर अढीतला आंबा बघतात, तिथेच पेट्या सांगतात आणि पैसेही तिथेच पाठवतात. जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही पुरेना, फोटोंनी जागा गच्च भरली आणि अखेर बँकेच्या ॲपने या अँड्रॉइडवर आपण चालणार नसल्याचा निरोप दिला, तेव्हा हंगाम संपताच नवा फोन घ्यायचे ठरले. रक्कमही ठरली, 15,000 रुपयांच्या आत. त्यातले 2,288 रुपये जीएसटीचे असतात, हे मी हिशेब करून पाहिले; 1 एप्रिल 2020 पासून मोबाइलवरचा कर 12 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. म्हणजे प्रत्यक्ष फोन साडेबारा-पावणेतेरा हजारांचाच, आणि त्या मानानेच अपेक्षा ठेवलेल्या बऱ्या.

दापोलीच्या बाजारातल्या दुकानदाराने पहिलाच फोन हातात देत सांगितले, "ताई, सोळा जीबी रॅम आहे." खोक्यावर बारीक अक्षरांत आठ अधिक आठ असे लिहिले होते. यातली दुसरी आठ ही खरी रॅम नसून फोनच्या साठवणुकीतली उसनी घेतलेली जागा असते, आणि साठवणुकीचा वेग रॅमपेक्षा पुष्कळच कमी असल्यामुळे या उसनवारीचा फायदा बेताचाच होतो. त्यापेक्षा साठवणूक कोणत्या जातीची आहे, ते विचारावे. ईएमएमसी असेल तर फोन भरत गेला की रेंगाळतो. यूएफएस असेल तर उघड-मीट चटकन होते. मी हा प्रश्न विचारल्यावर दुकानदाराने एकदा माझ्याकडे आणि एकदा यजमानांकडे पाहिले, आणि मग आतून दुसरे खोके काढले.

कॅमेऱ्याच्या आकड्यांवर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचा फोटो देतो, 108 चा नऊ-नऊ एकत्र करून 12 चा देतो, आणि तो व्हॉट्सॲपवरून जाताना आणखी आक्रसतो. पाठीवरच्या तीन भिंगांपैकी दोन मेगापिक्सेलची जी दोन असतात, ती केवळ शोभेची. झूम किती होतो हे दाखवायला दुकानदाराने रस्त्यापलीकडची पाटी वाचून दाखवली, पण त्याच झूमने हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग टिपला तर किल्ला आणि खडक यांत फरक करता येत नाही.

खरा वेळ द्यायला हवा तो नेटवर्कला. आमच्या घरात रेंज येते ती अंगणाच्या कोपऱ्यात, गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला लागून; ओटीवर आले की निम्मी होते आणि माजघरात नाहीशी होते. याचे कारण टॉवरच्या अंतराइतकेच लहरींच्या जातीतही आहे. कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात. जास्त वारंवारितेच्या लहरी वेगाचे मोठे आकडे दाखवतात, पण डोंगराच्या कुशीत आणि चिऱ्याच्या भिंतीपाशी हात टेकतात. भारतात 5जी सेवा 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. त्याआधीच्या लहरींच्या सरकारी लिलावात 700 मेगाहर्ट्झच्या लहरी देशभरासाठी जिओने घेतल्या आणि 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेल दोघेही उतरले. फोनच्या तपशिलात यांची नावे अनुक्रमे एन28 आणि एन78 अशी असतात. स्वस्त फोनवर 5जी एवढेच ठळक लिहिलेले असते आणि बँडची, म्हणजे फोनला चालणाऱ्या लहरींच्या पट्ट्यांची, यादी कंपनीच्या संकेतस्थळावर कुठेतरी तळाशी सापडते. पण आमच्यासारख्या खोलगट वाडीत राहणाऱ्याने ती शोधून काढून एन28 आहे की नाही ते पाहावेच. अर्थात टॉवरवरच ती सेवा नसेल तर फोन एकटा काही करू शकत नाही, म्हणून शेजारच्या घरी कोणते सिम चालते ही चौकशी त्याहूनही आधी करावी. दोन सिम आणि मेमरी कार्ड यांची सोय एकाच वेळी आहे की एका सिमचा बळी देऊन कार्ड घालायचे आहे, हेही बघून घ्यावे, कारण आमच्याकडे एका कंपनीच्या भरवशावर कोणी राहत नाही.

पुण्याच्या भाच्याचा आग्रह होता, "मावशी, आयपी रेटिंगवालाच घे." सल्ला योग्य होता, मात्र त्या अक्षरांपुढचे दोन अंक वाचता यायला हवेत. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी54 म्हणजे थोडीफार धूळ आणि कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसणारा; आयपी67 म्हणजे धूळ अजिबात आत न घेणारा आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. या चाचण्या नव्या फोनवर आणि गोड्या पाण्यात होतात. मिठाचे पाणी धातूला कसे खाते, हे खिडक्यांचे गज दर काही वर्षांनी रंगवणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. शिवाय पाणी गेलेल्या फोनला वॉरंटी सहसा मिळत नाही, मग अंक कोणताही असो. म्हणून मी आयपी54 वर समाधान मानले आणि उरलेल्या पैशांत एक बरे कव्हर आणि झिपची जाड पिशवी घेतली, जी समुद्रावर जाताना फारशी देखणी दिसत नाही, पण काम करते. चार्जिंगच्या भोकात ओल असल्याची खूण पडद्यावर आली, तर फोन पंख्याखाली उभा करून ठेवावा. घरोघरी तो तांदळाच्या डब्यात पुरण्याची जी रीत आहे, ती सोडून द्यावी. तांदूळ आतली ओल फारशी ओढून घेत नाही, उलट त्याचा भुसा आणि कणी त्या भोकात जाऊन बसते. 2024 साली ॲपलनेही आपल्या ग्राहकांना हेच बजावले होते.

बॅटरीबाबत मात्र मी अडून बसले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला आणि दापोली-मंडणगडच्या बागा उताण्या पाडल्या, तेव्हा कित्येक दिवस गावांत वीज नव्हती आणि टॉवर मुके झाले होते. मुंबईतल्या मुलांना घरच्यांचा आवाज ऐकायला मिळत नव्हता. ज्यांच्या फोनमध्ये चार्ज उरला होता, त्यांना डोंगरमाथ्यावर जाऊन निदान रेंज शोधता येत होती. त्यानंतर 5,000 एमएएचपेक्षा कमी क्षमतेच्या बॅटरीचा फोन इथे कोणी घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले. फार वेगाने चार्ज होणाऱ्या फोनांचे कौतुक मला नाही; उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे आणि आमच्या मे महिन्यात ती मुळातच मुबलक असते.

कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पाठवणार, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि विचारला तरी उत्तर मिळत नाही. त्या थांबल्या की फोन बाहेरून धडधाकट असूनही पुढेमागे बँकेच्या ॲपला नकोसा होतो. माझा जुना फोन त्यामुळेच बाद झाला. पूर्वी स्वस्त फोनला जेमतेम दोन वर्षे मिळत, आता पंधरा-वीस हजारांच्या काही फोनांना सहा वर्षांचे आश्वासन मिळते. किमतीला या वर्षांनी भागून पाहिले की स्वस्त आणि महाग यांची अदलाबदल होते. पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आधी केवायएम ही अक्षरे इंग्रजीत लिहून, 14422 वर एसएमएसने पाठवावा. तो फोन अधिकृत नोंदीतला आहे की नाही ते सरकारी यंत्रणा कळवते. वापरलेला फोन घेणाऱ्याने तर हे केल्याशिवाय खिशात हात घालू नये.

घरी आणल्यावर खरे स्थलांतर सुरू झाले. नावे-नंबर गूगल खात्यात होते ते आपोआप आले, पण काही जुनी मंडळी सिमवरच राहत होती, त्यांना हाताला धरून आणावे लागले. व्हॉट्सॲपचे संभाषण आता जुन्या फोनवरून नव्यावर क्यूआर कोड दाखवून थेट पाठवता येते. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे आणि काम होईपर्यंत पडदा बंद होऊ द्यायचा नाही, एवढेच पथ्य. ड्राइव्हवरची प्रत हाही मार्ग आहे, पण ती आता गूगलच्या फुकटच्या 15 जीबीमध्ये मोजली जाते आणि आमचे सकाळच्या शुभेच्छांचे फुलांचे फोटोच केवढे तरी होते. ते काढून टाकताना यजमानांना वाईट वाटले.

यूपीआयने मात्र अंगणात उभे केले. नव्या फोनमधून बँकेकडे एक एसएमएस जावा लागतो आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबराच्या त्याच सिमवरूनच जावा लागतो, म्हणजे सिम त्या फोनमध्ये हवे, रेंज हवी आणि एसएमएसपुरती शिल्लकही हवी. जूनच्या सरीत, डोक्यावर छत्री आणि हात गडग्यावर टेकून, पडद्यावरचे फिरणारे चक्र बघत मी उभी होते. शेजारच्या काकूंनी विचारले, "काय गो, कोणाची वाट बघत्येस?" मी सांगितले, "बँकेची." नव्या फोनवर पहिले 24 तास पैसे पाठवण्यावर अनेक बँका मर्यादा घालतात, तेव्हा मजुरी किंवा गाडीभाडे द्यायच्या दिवशी फोन बदलू नये. आमच्याकडे हंगाम उरकला होता, म्हणून चालून गेले.

बोटाच्या ठशाचा घोळ वेगळाच. आंबा उतरवताना देठाचा चीक बोटांना लागतो आणि कातडी सोलवटते. त्या दिवसांत फोन धन्याला ओळखत नाही. पडद्याखालच्या ठशापेक्षा बाजूच्या बटणातला ठसा मला बरा वाटला, आणि आंबे काढताना जे बोट कमी वापरले जाते त्याचीही नोंद करून ठेवली. ती करंगळी आहे. फोन करंगळीने उघडताना बघून गिऱ्हाइकांना गंमत वाटते.

रंगाचा प्रश्न मात्र पुढच्या हंगामापर्यंत नीट कळला नाही, कारण तोवर फोटो काढायला आंबाच नव्हता. अढीतला पेंढा बाजूला सारला की तयार होऊ घातलेला हापूस दिसतो तो देठाशी हिरवट, पोटाशी पिवळा आणि कुठे तरी एखाद्या गालावर लालीची पुसट झाक असलेला. जुना फोन हा रंग जरा उदास दाखवायचा, त्यामुळे प्रत्यक्ष पेटी उघडणाऱ्याला आंबा फोटोपेक्षा चांगला वाटायचा. नव्या फोनने समोर खाद्यपदार्थ आहे हे स्वतःच ताडले आणि हिरवट देठासकट सगळा आंबा केशरी करून टाकला. वर ॲमोलेडचा पडदा, तोही रंग भडक दाखवण्याच्या बेतावर ठेवलेला. म्हणजे कॅमेरा गिऱ्हाइकाला फसवत होता आणि पडदा मला. फोटो पाहून ठाण्याच्या एका बाईंनी लगेच खायला म्हणून पेट्या मागवल्या आणि आंबे आणखी तीन दिवस थांबायचे निघाले, तेव्हा खुलासा करताना मला फोनची वकिली करावी लागली. आता कॅमेऱ्यातली ती आपोआप ओळखण्याची सोय बंद आहे, पडदा नैसर्गिक रंगांवर आहे, आणि फोटो खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या पंचावर फळ ठेवून काढते. पंचा पांढरा दिसला की आंब्याचा रंगही खरा धरावा, असे गिऱ्हाइकांना लिहूनच पाठवते.

जुन्या फोनला विनिमयात जी किंमत सांगितली, तिच्यात दोन डझन आंबेही आले नसते, म्हणून तो दिला नाही. बँकेची ॲप काढून आणि जुने खाते पुसून त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम घातले आहे. ओटीच्या ज्या खांबापाशी थोडी रेंज लागते, तिथे खिळ्याला पिशवीत तो टांगलेला असतो, हॉटस्पॉट चालू ठेवून, आणि त्याच्या जोरावर माजघरातल्या नव्या फोनला इंटरनेट मिळते. रात्री तो काढून आत घेते, कारण सतत चार्जरला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगते. दुपारी मात्र यजमान हर्णैचा मासळीचा लिलाव किती वाजता, हे विचारायला तोच खिळ्यावरून काढून घेऊन जातात आणि माझे माजघर पुन्हा रेंजबाहेर जाते.